पाटी कोणाच्या हाती?

(मंडळाच्या पुलगाव येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपणां सर्वांच्या साक्षीने पार पडला. अशा मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. विषयही त्यांनीच नेमून दिला आहे : नवी यंत्रसाधने, शाळेचा वर्ग आणि अध्यापन. विषय कालोचित खरा. पण तो नेमून देण्यामागे आणखीही एक कारण आहे, हे येथे जमलेल्या पुष्कळांस ठाऊक आहे. यंदाच्या विद्यार्थी निधीतून प्रत्येक गुणवंत विद्यार्थ्यास एकेक टॅब द्यावा, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली असून तिचा निर्णय उद्याच्या सर्वसाधारण सभेत व्हावयाचा आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू निर्मळ आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. तथापि हा निधी कोणी पगारातून, कोणी शेतीच्या उत्पन्नातून, कोणी घरच्या लग्नकार्याचा खर्च आवरून दिलेला आहे. तो खर्ची घालण्यापूर्वी चार बाजूंनी विचार करणे हे आपले कर्तव्यच ठरते.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही यंत्राच्या विरुद्ध बोलण्यासाठी उभे राहिलेलो नाही. पुलगावात उभे राहून यंत्राची निंदा करणे शोभणारही नाही. वर्धा नदीवर आगगाडीचा पूल झाला म्हणून या गावास हे नाव मिळाले. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोहोचला, आणि या भागातील कापसास मुंबईची बाजारपेठ जवळ आली. पुढे येथे कापडाची गिरणी निघाली. गिरणीच्या भोंग्यावर अर्ध्या गावाचा दिनक्रम चाले. लष्कराच्या दारूगोळा भांडारामुळे देशाच्या नाना भागांतून माणसे येथे आली. सारांश, यंत्राने हे गाव वसविले. परंतु तीच गिरणी बंद पडल्यावर काय हाल झाले, तेही याच गावाने पाहिले आहे. यंत्र येते आणि जाते. माणसाच्या अंगी मुरलेली विद्या तेवढी मागे राहते. हा धडा पुलगावकरांस निराळा शिकवावयास नको.

दुसरी गोष्ट अशी की, शाळेत साधन आज प्रथमच शिरले, असा जो समज आहे तो बरोबर नाही. पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. फळीवर धूळ पसरावी, तीत अक्षर काढावे, चुकल्यास हात फिरवावा आणि पुन्हा काढावे, अशी ती सोय. साधन अगदी फुकटचे. पण युक्ती मोठी. मद्रासकडील ओसरीवरच्या शाळांत मुले वाळूत अक्षरे गिरवितात, हे पाहून अँड्र्यू बेल या पाद्र्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस ती रीत विलायतेत नेली. मोठ्या मुलाने धाकट्यास शिकवावे, हीही आपली जुनी रीत त्याने तिकडे चालू केली. पुढे दगडी पाटी आली, छापील पुस्तक आले आणि भिंतीवर काळा फळा आला.

या फळ्याने वर्गाची जागा कशी पालटली, ते ध्यानात घेण्याजोगे आहे. जुन्या शाळेत प्रत्येक मुलाचा धडा निराळा असे. कोणी मुळाक्षरांवर, कोणी पाढ्यांवर, कोणी मोडी वळणावर. आणि पंतोजी मुलांमधून फिरत असत. फळा आला तसे सर्वांचे तोंड एका भिंतीकडे झाले, सर्वांचा धडा एक झाला, आणि तो एकाच वेळी सुरू होऊन एकाच घंटेला संपू लागला. बाकांच्या रांगा, मास्तरांचे टेबल, पुढचा हुशार आणि मागचा ढ, ही सारी मांडणी निसर्गाने घालून दिलेली नाही. बव्हंशी ती साधनांनी घडविलेली आहे. म्हणून नवे साधन वर्गात येते तेव्हा केवळ एक वस्तू वाढली, असे समजू नये. मुलाने कोणीकडे पाहावे, कोणाशी बोलावे, हात हलवावा की गप्प बसावे, हे ती वस्तू ठरवू लागते.

जागेची गोष्ट निघाली आहे, तर एक कटू सत्यही ज्ञातीच्या व्यासपीठावरून सांगितलेच पाहिजे. वर्गात कोणी कोठे बसावे, हे आपल्या देशात पुष्कळ काळ साधनांपेक्षाही जातीने ठरविले. १८४८ साली पुण्यात भिडे यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलीने वर्गात बसणे हेच पाप मानले जात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या बालपणाविषयी लिहून ठेवले आहे की, शाळेत त्यांना इतर मुलांपासून दूर, एका कोपऱ्यात बसावे लागे. बसावयाचे गोणपाट सायंकाळी घरी न्यावे लागे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आणावे लागे, कारण शाळा झाडणारा गडीही त्यास शिवत नसे. पाटी तीच, फळा तोच, मास्तरही तेच. पण जागा निराळी. साधन सर्वांचे झाले म्हणजे विद्या सर्वांची झाली, असे होत नाही, हे यावरून उघड व्हावे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. शाळेत कोणते साधन असावे, या प्रश्नाचा साऱ्या हिंदुस्थानासाठी विचार झाला तो येथून आगगाडीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर. १९३७ सालच्या ऑक्टोबर महिन्यात २२ व २३ तारखांस वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली तिने एक समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात समितीचा अहवाल तयार झाला. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या भोवती गुंफलेले, असे त्याचे सार होते. हीच वर्धा योजना. हीच नई तालीम. आर्यनायकम् आणि आशादेवी या दांपत्याने सेवाग्रामात तिचा प्रयोग वर्षानुवर्षे चालविला.

या योजनेची पुष्कळ थट्टा झाली. 'टकळी फिरवून का कोठे शिक्षण होते?' असे शहाणे लोक विचारीत. पण टकळीचे काम नीट पाहावे. चार फुटांचा एक तार आणि अशा ६४० तारांची एक गुंडी, असा सुताचा हिशेब. म्हणजे एका गुंडीत किती फूट सूत झाले, ते मुलाने स्वतःच्या हाताने काढलेल्या सुतावरून मोजावे. दोन हजार पाचशे साठ फूट! गुणाकार असा बोटांतून जातो. सूत किती बारीक, हे वजनावरून कळते, तेव्हा प्रमाण शिकावे लागते. कापूस कोणत्या मातीत पिकतो, हे विचारले की भूगोल आला. तो परदेशी का गेला आणि कापड होऊन परत का आला, हे विचारले की इतिहास आला. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, सूत तुटले तर ते त्याच क्षणी तुटते. चूक मुलाच्या डोळ्यांपुढे, त्याच्या हातात उभी राहते, आणि शेजारी बसलेल्या गुरुजींनाही दिसते.

ही योजना स्वातंत्र्योत्तर काळात सर्वत्र का रुजली नाही, याची कारणे अनेक आहेत. उद्योगाच्या उत्पन्नातून शिक्षकाचा खर्च निघावा, ही अपेक्षा पुष्कळांस पटली नाही. परंतु एक कारण आपण मनाशी कबूल केले पाहिजे. सुस्थितीतील लोकांनी टकळी गरिबांच्या मुलांस द्यावी असे म्हटले आणि आपली मुले इंग्रजी शाळेत घातली. जे शिक्षण चांगले म्हणावयाचे आणि दुसऱ्याच्या मुलास द्यावयाचे, ते टिकत नाही.

त्यानंतर साधनांच्या पुष्कळ लाटा आल्या. १९४८ साली आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले आणि रेडिओचा आवाज या भागातील घराघरांत पोहोचला. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम निघाली. प्रत्येक प्राथमिक शाळेस कोणत्याही ऋतूत वापरता येतील अशा किमान दोन खोल्या, किमान दोन शिक्षक आणि आवश्यक साहित्य मिळावे, असा तिचा उद्देश होता. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनीही फळ्यासाठी मोहीम काढावी लागली, हे स्मरणात ठेवावे. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली. तिचे शैक्षणिक कार्यक्रम दूरदर्शनवरून पाहत एक पिढी वाढली. २०१७ साली शासनाने ती संस्था बंद केली. पुढे तीनच वर्षांनी, २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या साथीमुळे शाळांची दारे बंद झाली आणि मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा दूरचित्रवाणीचाच आश्रय करावा लागला. त्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. जुने साधन मोडीत काढताना त्याबरोबर शिकविण्याची किती हातोटी मोडीत निघते, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

त्या साथीच्या काळाविषयी येथे बसलेल्या मातापित्यांस आम्ही काय सांगावे? पहिली ते चौथीच्या मुलांस तर बहुतेक ठिकाणी दीड वर्षाहून अधिक काळ शाळेची पायरी दिसली नाही. वर्ग मोबाईलवर भरू लागले. घरात मोबाईल एक, आणि तो वडिलांबरोबर कामावर जाई. सायंकाळी घरी आला की प्रथम मुलाचा अभ्यास, मग उरलेल्या वेळात मुलीचा. आपल्या ज्ञातीतील किती घरांत असे घडले, ते ज्याचे त्याने मनाशी आठवावे. शंभर वर्षांपूर्वी वर्गात कोपरा होता. २०२० साली तोच कोपरा घरात तयार झाला, आणि त्यात पुष्कळदा आपलीच मुलगी बसली होती.

याच काळातील एक उजळ गोष्टही सांगितली पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना ३ डिसेंबर २०२० रोजी दहा लक्ष डॉलरांचे जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झाले. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापावा, मोबाईल त्यावर धरताच धड्याशी संबंधित कविता, चित्रफीत वा प्रश्नावली उघडावी, ही त्यांची युक्ती. ती पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही आली. पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून दिली, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. पण आम्हांस महत्त्वाचे वाटते ते निराळेच. मुलांची घरची भाषा कन्नड आणि पुस्तके दुसऱ्या भाषेतील, हे पाहून डिसले गुरुजी प्रथम मुलांची भाषा शिकले आणि मग पुस्तकांस हात घातला. आधी मूल, मग पुस्तक, आणि शेवटी यंत्र, असा तो क्रम होता. आपण पुष्कळदा हा क्रम उलटा करतो : आधी यंत्र विकत घेतो आणि मग त्याचे करावे काय, याचा विचार करतो.

आज शाळांतून भिंतीवर मोठा पडदा येत आहे. त्यावर हृदयाचे ठोके दिसतात, ज्वालामुखी उसळतो, ग्रहमाला फिरते. जे आमच्या पिढीने काळ्या रेघांच्या आकृतीवरून ताडले, ते आजचे मूल प्रत्यक्षवत् पाहते. हा लाभ खचित लहान नाही. अंध विद्यार्थ्यास पुस्तक वाचून दाखविणारे आणि बहिऱ्या विद्यार्थ्यास बोललेले शब्द लिहून दाखविणारे साधन तर आशीर्वादच होय. परंतु पडदा कितीही उजळ असला, तरी मूल जर केवळ त्याकडे पाहत बसले, तर ते पूर्वीच्या फळ्यासमोरील श्रोतेच राहिले. आता तर निबंध लिहून देणारी आणि गणिते सोडवून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ताही मोबाईलमध्ये येऊन बसली आहे. तिचा उपयोग शंका विचारण्यासाठी केला, तर ती न थकणारी शिक्षिका आहे. गृहपाठ उरकण्यासाठी केला, तर ती मुलाची विद्या हिरावून घेणारी दासी आहे. टकळी कोणी आपल्यासाठी फिरविली, तर सूत मिळेल. पण कातणे येणार नाही.

जगातील विचारवंतही आता याच निष्कर्षाप्रत येत आहेत. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातील तंत्रज्ञानावर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याचे हित केंद्रस्थानी असावे आणि यंत्राने शिक्षक-विद्यार्थी यांच्या प्रत्यक्ष सहवासाची जागा घेऊ नये, असा इशारा त्यात आहे. त्याच वर्षी स्वीडनसारख्या संपन्न देशाने शाळांतून छापील पुस्तकांस पुन्हा अधिक महत्त्व देण्याचे ठरविले. ज्यांच्याकडे यंत्रे विपुल होती, तेच आता पुस्तकाकडे वळून पाहत आहेत.

मग साधन चांगले की वाईट, हे आपण ओळखावे कसे? आम्हांस दोन कसोट्या पुरेशा वाटतात. पहिली, काम करणारा हात कोणाचा? धूळपाटीवर, टकळीवर मुलाचा हात चालत असे. नव्या यंत्रावर मूल काही रचीत असेल, मोजीत असेल, लिहीत असेल, तर ते यंत्र पाटीचेच नवे रूप समजावे. केवळ बोट सरकवीत असेल, तर ती करमणूक समजावी. दुसरी कसोटी, मुलाची चूक कोण पाहतो? यंत्र 'चूक' असे लाल अक्षरांत दाखवील; पण मूल का चुकले, ते उपाशी होते, की लाजले, की त्यास प्रश्नाची भाषाच कळली नाही, हे शेजारी बसलेल्या माणसासच कळेल. या दोन्ही कसोट्यांस उतरेल ते साधन महाग असो वा फुकटचे, ते आपले.

आता उद्याच्या ठरावाविषयी. आमची नम्र सूचना अशी आहे. समजा, निधीतून वीस टॅब घ्यावयाचे आहेत. त्याऐवजी सहाच घ्यावे आणि ते मंडळाच्या मालकीचे ठेवावे. गुणवंताच्या घरी गेलेला टॅब त्याच्या एकट्याचा होतो, चार-पाच वर्षांत जुना होतो, आणि ज्याचे गुण कमी, ज्यास खरी गरज, तो रिकामाच राहतो. सभागृहालगतची खोली वर्षातील बहुतेक दिवस लग्नकार्याची पातेली आणि सतरंज्या ठेवण्याच्या उपयोगात आहे. ती मोकळी करावी. भिंतींस चुना, चांगला उजेड, पंखे, एका बाजूस पुस्तकांची कपाटे, मध्ये गोल बसता येईल अशी बैठक. रांगा नकोत. उरलेल्या पैशातून रोज सायंकाळी दोन तास मुलांजवळ बसणाऱ्या एका व्यक्तीस मानधन द्यावे. निवृत्त शिक्षक असोत, वा शिकत असलेली आपलीच एखादी मुलगी असो. मोठ्यांनी धाकट्यांस शिकविण्याची जुनी रीतही तेथे सुरू करावी; ज्याचा आज सत्कार झाला, त्याने आठवड्यातून एक सायंकाळ धाकट्यांस द्यावी. हाच त्या सत्काराचा खरा स्वीकार होईल.

या खोलीबाबत दोन नियम आम्ही आग्रहाने सुचवितो. पहिला, यंत्रासमोर बसण्याची पाळी मुलींस प्रथम मिळावी आणि अंधार पडण्यापूर्वी त्यांचे काम आटोपावे. घरात ज्यांची पाळी शेवटी येते, त्यांची पाळी येथे आधी यावी. दुसरा नियम काहींस रुचणार नाही. पण तो बोलून दाखविल्याविना आम्हांस खाली बसता येत नाही. खोलीचे दार ज्ञातीपुरते नसावे. शेजारच्या वस्तीतील कोणत्याही जातिधर्माचे मूल पाटी घेऊन आले, तर त्यास आत घ्यावे आणि आपल्या मुलांच्या मध्ये बसवावे, कडेला नव्हे. कोणी म्हणतील, निधी आपला, मग लाभ दुसऱ्यास का? त्यांस आमचे उत्तर इतकेच की, आपल्या मागच्या पिढ्यांस जी विद्या मिळाली, ती कोणा एका ज्ञातीच्या खर्चाने मिळालेली नव्हती. सरकारी शाळेचा फळा सर्वांच्या कराने विकत घेतलेला होता. शिवाय ज्ञातिसंस्थेने ज्ञातीस एकत्र करावे, ते इतरांपासून तोडण्यासाठी नव्हे, तर काही देता यावे एवढे बळ एकवटण्यासाठी. बंद दाराआड सहा उजळ पडदे ठेवून आपण नवे युग आणल्याचे समाधान मानू. पण ते गोणपाटाचेच युग असेल.

विद्यार्थी मित्रांस एकच सांगणे आहे. तुमच्या हातात जे साधन आले आहे, तसे आमच्या बालपणी कोणाही श्रीमंतास मिळत नव्हते. त्याचा गर्व करू नका आणि त्याची भीतीही बाळगू नका. त्यास प्रश्न विचारा. उत्तर मात्र आधी स्वतःच्या वहीत लिहून पाहा. चुकलात तर लाजू नका. पाटी पुसता येते, हाच तिचा मोठा गुण होता.

ठरावाचा निर्णय सभेच्या हाती आहे, आणि तो जो होईल तो आम्हांस शिरसावंद्य आहे. खोली मोकळी करण्याचे ठरलेच, तर पातेली उचलण्यास येणाऱ्यांत आमचे नाव प्रथम लिहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.